एका पायरीसाठी सोबत नेता येणारा रॅम्प कसा बनवायचा

पुण्यात व्हीलचेअरवरच्या माणसाला घेऊन फिरणाऱ्यांना हे रोजचंच आहे, की मेट्रो स्टेशनवर लिफ्ट मिळते, जंगली महाराज रोडचा फूटपाथ आता चांगला रुंद आहे, आणि मग ज्या मेडिकलमध्ये किंवा दवाखान्यात जायचंय तिथे दारातच एक पायरी असते. फक्त एकच. पेठांमधल्या जुन्या इमारतींत तर जोतंच उंच, तिथे अडतंच. चार जणांनी खुर्चीसकट उचलणं हा उपाय नाहीये, त्यात उचलणाऱ्याची कंबर जाते आणि बसलेल्या माणसाला भीती वाटते, शिवाय दर वेळी ओळख ना पाळख अशा लोकांना हाक मारायला कोणाला आवडेल? म्हणून एका पायरीपुरता, दोन तुकड्यांचा, रिक्षातून नेता येईल असा रॅम्प कसा करायचा ते लिहितोय.

सुरुवात टेप घेऊन करा, पण नुसती खुर्ची मोजू नका. हा रॅम्प उचलणार कोण ते आधी ठरवा, कारण बहुतेक घरांत ती साठीची बायको असते नाहीतर कॉलेजातली मुलगी. तिला एका हातात किती वजन घेऊन सोसायटीच्या गेटपर्यंत चालता येतं ते खरंच पिशवीत तांदूळ भरून बघा. मजबूत म्हणून केलेला पंधरा-सोळा किलोचा अखंड रॅम्प घरात जिन्याखाली पडून राहतो, आणि पडून राहिलेल्या वस्तूचा त्या माणसाला काय उपयोग. माझ्या मते एका तुकड्याला सात-आठ किलो ही वरची मर्यादा धरावी.

आता उतार. सुगम्य बांधकामाच्या नियमांत १:१२ धरतात, म्हणजे १० सेंमी उंचीला १२० सेंमी लांबी. पायरी १५ सेंमीची असेल तर त्याच हिशोबाने १८० सेंमी लागतात, आणि एवढी लांब फळी रिक्षात जात नाही. १२० सेंमीच्या रॅम्पवर १५ सेंमी चढायचं तर उतार १:८ होतो, तो मागून धडधाकट माणूस ढकलणार असेल तरच वापरायचा, एकट्याने खुर्ची चालवणाऱ्याने अजिबात नाही. दोन किंवा जास्त पायऱ्या असतील तर घरगुती रॅम्पच्या नादाला लागू नका, प्लीज.

रुंदीसाठी खुर्चीच्या चाकांच्या बाहेरून बाहेर माप घ्या आणि त्यात दहाएक सेंमी मिळवा. साध्या खुर्चीला एकूण ८० सेंमी रुंदी साधारण पुरते, पण तुमची खुर्ची मोजूनच ठरवा. म्हणजे १२० बाय ४० चे दोन तुकडे. तुकडे लांबीच्या दिशेने करायचे, आडवे नाही, हा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. आडवा जोड दिला तर तो बरोब्बर मध्यभागी येतो, जिथे सगळ्यात जास्त भार येतो, आणि खाली आधाराला पाय द्यावा लागतो. उभा जोड दिला की दोन्ही चाकं जोडापासून लांब, आपापल्या अखंड फळीवरून जातात.

सामान: १८ मिमीचा मरीन प्लाय, म्हणजे पाण्याला टिकणारा प्लायवूड (भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये बघा, अर्धा शीट देतात का विचारा), ५ सेंमी उंच लाकडी पट्ट्या, ५ मिमी जाड ॲल्युमिनियमची पट्टी, पिन काढता येणाऱ्या बिजागऱ्या, ग्रिप टेप (चाक घसरू न देणारी खरखरीत चिकटपट्टी) आणि रबर. हार्डवेअर रविवार पेठेत बोहरी आळीत मिळून जाईल.

दोन्ही तुकड्यांच्या बाहेरच्या कडेला लाकडी पट्टी फेविकॉल लावून खालून स्क्रू मारून घट्ट बसवा. तिची दोन कामं आहेत, चाक कडेवरून घसरू देत नाही आणि फळी वाकू देत नाही. ही पट्टी नसेल तर भार आल्यावर १८ मिमीचा प्लाय मध्ये चांगलाच लवतो, तुटत नाही पण बसलेल्याच्या छातीत धस्स होतं. वरच्या टोकाला ॲल्युमिनियमची १५ ते २० सेंमी रुंद पट्टी नटबोल्टने बसवा, निम्मी प्लायवर, निम्मी पुढे, जी पायरीवर टेकेल, आणि तिच्या खाली रबर चिकटवा. खालचं टोक सुताराकडून रंध्याने तिरकं उतरवून घ्या, नाहीतर पुढची छोटी चाकं त्या १८ मिमीच्या कडेलाच अडतात. खालीही रबर हवंच, कारण खुर्ची चढताना रॅम्प मागे सरकायला बघतो. दोन तुकडे एकमेकांना जोडणाऱ्या बिजागऱ्या खालच्या बाजूने, टोकांपासून लांब, मधल्या भागात लावा म्हणजे त्या जमिनीला लागणार नाहीत.

जूनपासून पाऊस, तेव्हा प्लायच्या कापलेल्या कडा रंगाने नीट बंद करा, पाणी तिथूनच शिरतं. वर ग्रिप टेप आडवी लावा.

माणूस बसवायच्या आधी वजनाने तपासा. खुर्ची १८-२० किलो, माणूस ७५, ढकलणारा ६५, म्हणजे १६० किलो धरा, त्याच्या दुप्पट वाळूची पोती मधोमध ठेवून तासभर सोडा. कुठे कुरकुर झाली, स्क्रू वर आला, तर तिथेच थांबा आणि सुताराला दाखवा. शक्य असेल तर फिजिओथेरपिस्टलाही एकदा दाखवा, त्या माणसाला बसून तोल किती सांभाळता येतो यावर उतार किती चालेल ते ठरतं.

आणि वापरताना: चढताना खुर्ची सरळ, उतरताना उलटी, म्हणजे माणसाची पाठ रस्त्याकडे आणि मदतनीस खालच्या बाजूला, बसलेल्याला खुर्चीचा पट्टा लावलेला. निघण्याआधी बसलेल्या माणसाला "चला, उतरायचं का?" असं विचारून त्याचं हो आल्यावरच हलवा. महिन्यातून एकदा स्क्रू आवळा, टेप गुळगुळीत झाली की लगेच बदला, पुढच्या पावसाची वाट बघू नका.