शेवाळ ते माड: तक्ता रंगवण्याआधी या चुका टाळा

शाळांची विज्ञान प्रदर्शने सुरू झाली की गोव्यात वनस्पती जमिनीवर कशा आल्या हे दाखवणारा एक तक्ता हमखास बघायला मिळतो. डावीकडे निळा समुद्र आणि त्यात हिरवे शेवाळ, मग किनाऱ्यावर खारफुटी, पुढे नेचे, आणि उजव्या टोकाला माड. रंगकाम झकास असते, पण त्यातला जवळजवळ प्रत्येक बाण चुकलेला असतो. समुद्र हाकेच्या अंतरावर असल्यामुळे आपली नजर आधी तिकडेच जाते. जमिनीवरच्या वनस्पतींचे जवळचे नातलग मात्र शेतात साचलेल्या गोड्या पाण्यात आहेत.

समुद्री शेवाळाला पूर्वज ठरवणे

ओहोटीला हणजूण-वागातोरच्या खडकांवर उल्वा, कॉलर्पा, सरगॅसम अशी शेवाळे मिळतात. त्यातले सरगॅसम आधी बाजूला काढा. ते तपकिरी शैवाल आहे, हिरव्या घराण्यातले नाहीच. त्याचे हरितलवक मुळात एका लाल शैवालाकडून आलेले आहेत. उल्वा आणि कॉलर्पा हिरवी खरी, पण ती दुसऱ्या शाखेतली. हरित शैवालांच्या फार जुन्या काळी दोन शाखा झाल्या, क्लोरोफायटा आणि स्ट्रेप्टोफायटा. जमिनीवरच्या साऱ्या वनस्पती दुसऱ्या शाखेतून आल्या. त्या शाखेतली कारा, कोलिओकीट, स्पायरोगायरा ही शैवाले प्रामुख्याने गोड्या पाण्यात राहतात.

हे नुसते डीएनएवरून ठरलेले नाही. काराची पेशी दुभागते तेव्हा मधली नवी भिंत ज्या पद्धतीने उभी राहते, ती पद्धत माडाच्या पेशीतही तशीच आहे. पेशीभिंतीतले सेल्युलोजचे धागे विणणारी प्रथिने या शाखेत सहा पाकळ्यांच्या फुलासारखी मांडलेली असतात. व्हॅलोनियासारख्या समुद्री हरित शैवालात ती सरळ रांगेत असतात.

दुरुस्ती सोपी आहे. तक्त्यातला समुद्र पुसा आणि तिथे उन्हात आटत जाणारे गोड्या पाण्याचे उथळ डबके काढा. पाणी आटण्याचा प्रश्न खरा तिथेच होता.

काराला आजी समजणे

काराला कांडी असतात, प्रत्येक पेरापाशी फांद्यांचे वलय असते. बघताच वाटते, हीच पहिली वनस्पती. जुन्या पुस्तकांतही जवळची नातलग म्हणून कारा किंवा कोलिओकीटचेच नाव सापडते. पण २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शेकडो जनुकांच्या तुलनेत कौल लागला तो स्पायरोगायराच्या गटाला, म्हणजे झिग्नेमॅटोफायसीला. पेशींची साधी माळ, ना फांदी ना पेर, आणि तरी सर्वांत जवळची तीच.

यावर चलाख विद्यार्थी एक शंका काढतो, आणि ती काढलीच पाहिजे. स्पायरोगायरात पोहणारी पुंयुग्मके (नर पेशी) नाहीत, मॉस (भिंतीवर वाढणारी इवली हिरवी वनस्पती) आणि नेच्यात मात्र आहेत, मग नाते कसे जुळायचे? दोघांच्या सामाईक पूर्वजात ती होती आणि स्पायरोगायराच्या शाखेने नंतर ती गमावली, हे उत्तर. म्हणून आजचे स्पायरोगायरा ही आजी नव्हे, चुलत बहीण आहे. तिच्यापासून माडाकडे थेट बाण काढू नका, दोन्ही रेषा मागे एका बिंदूत मिळवा.

२०१९ मध्ये या गटातल्या स्पायरोग्लिया आणि मेसोटेनियम या दोन शैवालांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण जनुकसंच, वाचले गेले. कोरड्या हवेला तोंड देताना वनस्पतींना लागणारी काही जनुके त्यांत आधीच होती, आणि ती मातीतल्या जिवाणूंकडून आली असावीत असा संशोधकांचा कयास आहे. तयारी पाण्याच्या काठावर असतानाच बरीच झाली होती.

जुन्या नोट्समधले फ्रिश्चिएला

मद्रासचे शैवालतज्ज्ञ एम. ओ. पी. अय्यंगार यांनी १९३२ मध्ये ओल्या मातीवर वाढणाऱ्या फ्रिश्चिएला या शैवालाचे वर्णन केले. त्याचा काही भाग मातीत असतो आणि वर उभे तंतू येतात. पुढे ते भूवनस्पतींच्या पूर्वजाचा नमुना म्हणून शिकवले गेले, आणि काही नोट्समध्ये आजही तसेच आहे. पण ते क्लोरोफायटातले निघाले. अय्यंगारांच्या निरीक्षणात खोट नाही, त्यावर रचलेला निष्कर्ष टिकला नाही. मी तर म्हणेन, हे उदाहरण खोडूच नका. शैवाले जमिनीवर एकदाच नव्हे, अनेकदा आली, याचा तो पुरावा म्हणून ठेवा.

असे पुरावे आपल्याकडे पावलोपावली आहेत. पावसाळ्यात चिऱ्यांच्या भिंतींवर आणि झाडांच्या खोडांवर जो नारिंगी मखमली थर येतो, तो बहुधा ट्रेंटेपोलिया असतो. रंग नारिंगी, पण शैवाल हरित. त्याचा भाऊबंद सेफॅल्युरॉस आंब्या-काजूच्या पानांवर लाल ठिपके पाडतो. दोघेही जमिनीवर सुखाने नांदतात, पण भ्रूण कोणीच तयार केला नाही.

पिढ्यांचा घोळ

परीक्षेत इथे सर्वाधिक गुण जातात. उत्तरात लिहिले जाते की पिढ्यांची अदलाबदल, म्हणजे गुणसूत्रांचा एक संच असलेली (एकगुणित) आणि दोन संच असलेली (द्विगुणित) पिढी आळीपाळीने येणे, शैवालांकडूनच वनस्पतींकडे आली, आणि दाखला दिला जातो उल्वाचा. उल्वात दोन सारख्या दिसणाऱ्या पिढ्या असतात हे बरोबर, पण ती गोष्ट त्या शाखेत स्वतंत्रपणे घडली. कारा किंवा स्पायरोगायरात द्विगुणित अवस्था एका पेशीपुरती, म्हणजे फलनातून बनलेल्या युग्मनजापुरती असते. तो उगवताना थेट अर्धसूत्री विभाजन (गुणसूत्रे निम्मी करणारे) करतो आणि पुन्हा सगळे एकगुणित.

जमिनीवर आलेल्या घराण्यात हे विभाजन लांबले. युग्मनज आईच्या अंगातच राहिला, तिच्याकडून पोषण घेत आधी साध्या विभाजनाने वाढला, अनेक पेशींचा झाला. हाच भ्रूण. एकाच फलनातून थोड्याऐवजी असंख्य बीजाणू मिळू लागले. जिथे पुंयुग्मकाला पोहायला पाणी क्वचितच मिळते तिथे हा फार मोठा फायदा. ही द्विगुणित, म्हणजे बीजाणुधारी, पिढी अशी मधे नव्याने घुसली, हे मत ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञ एफ. ओ. बॉवर यांनी १९०८ मध्ये जोरकसपणे मांडले होते आणि आजचे पुरावे त्याच बाजूने आहेत.

हे डोळ्यांनी बघायचे तर श्रावणात भिंतीवरचा मॉस घ्या. हिरवा गालिचा ही एकगुणित पिढी, आणि त्यातून वर आलेली तपकिरी दांडी आणि टोकाची कुपी ही तिच्या अंगावर पोसलेली द्विगुणित पिढी. कुपीला ‘फूल’ म्हणून लेबल लावू नका.

लिव्हरवर्ट, मॉस, नेचे अशी शिडी

लिव्हरवर्टला (ओलसर जागी वाढणारी, मॉससारखीच छोटी वनस्पती) पर्णरंध्रे, म्हणजे हवेची सूक्ष्म छिद्रे, नाहीत, म्हणून तो सर्वांत आदिम, असा तर्क असतो. २०१८ पासूनचे बहुतेक अभ्यास लिव्हरवर्ट, मॉस आणि त्यांच्यासारखाच छोटा हॉर्नवर्ट यांना मिळून एकच शाखा मानतात, आणि लिव्हरवर्टने पर्णरंध्रे नंतर गमावली असे सांगतात. लिव्हरवर्टांचे साधेपण हे ऱ्हासातून आलेले आहे, असे लाहोरचे वनस्पतिशास्त्रज्ञ शिवराम कश्यप विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच म्हणत होते. तेव्हा शिडी नको, दोन फांद्या काढा: एकीवर हे तिघे, दुसरीवर नेचे आणि माड.

खारफुटी मधल्या टप्प्यावर तर मुळीच नको. चोडण बेटावरची खारफुटी आणि खाडीतले समुद्री गवत या सपुष्प वनस्पती आहेत. जमिनीवरून त्या खाऱ्या पाण्याकडे परत गेल्या. शागोतीच्या मसाल्यातले दगडफूलही या रेषेत बसत नाही, ती बुरशी आणि शैवाल यांची भागीदारी.

स्लाइडवर स्पायरोगायरा दिसत नसेल तर

धो-धो पावसात शोधू नका, तंतू वाहून जातात. वायंगण (हिवाळी भाताच्या) शेतातले संथ, स्वच्छ पाणी उत्तम. बोटांना बुळबुळीत लागले तर आशा आहे. कापसासारखे खरखरीत लागले तर बहुधा क्लॅडोफोरा, म्हणजे पुन्हा चुकीची शाखा. बाटली अर्धीच भरा, सावलीत ठेवा आणि त्याच दिवशी बघा. उशीर झाला की हरितलवकाची सर्पिल पट्टी गोळा होते आणि काहीच ओळखू येत नाही.

आणि जीवाश्म? सर्वांत जुने भूवनस्पतींचे बीजाणू सुमारे ४७ कोटी वर्षांपूर्वीचे आहेत, कुकसोनिया ही आरंभीची भूवनस्पती सुमारे ४३ कोटी, स्कॉटलंडच्या राइनी गावचे सुंदर जतन झालेले नमुने सुमारे ४०.७ कोटी. गोव्यातले बहुतांश मूळ खडक २५० कोटी वर्षांहून जुने. त्यांत नेचे सापडणार नाही. खाणीच्या बाजूला दगडावर काळी, नेच्यासारखी नाजूक नक्षी मिळाली तर ती मँगनीजच्या ऑक्साइडची असण्याचीच शक्यता जास्त. भिंगाखाली धरा. पानाच्या शिरा, देठ काही दिसणार नाही, फक्त भेगेतून पसरत गेलेले खनिज दिसेल. प्रदर्शनात ती जरूर मांडा, पण भूशास्त्राच्या टेबलावर.