ईटीएफ साधा की गुंतागुंतीचा? घेण्याआधी असं तपासा

आंब्याचा हंगाम आटोपून दलालाकडचा हिशेब हातात आला की रत्नागिरी-देवगडकडे बँकवाल्यांचे फोन सुरू होतात. मुलगा बोटीवर असेल तर बारमाही. हल्ली एफडीच्या जोडीला ईटीएफ, म्हणजे शेअर बाजारात शेअरसारखाच घेता-विकता येणारा फंड, असतो आणि 'शेअरसारखाच हो, काही कटकट नाही' हे वाक्य ठरलेलं. पेटीवर 'देवगड हापूस' छापलं म्हणून आत हापूसच निघतो असं नाही, हे कोकणात कुणाला सांगायला नको. इथेही पेटी उघडायची.

आधी फंड हाऊसच्या संकेतस्थळावरून फॅक्टशीट, म्हणजे फंडाचं माहितीपत्रक, काढा आणि पैसा कशात गुंतवलाय ते वाचा. निफ्टी 50 च्या ईटीएफमध्ये रिलायन्स, एचडीएफसी बँक अशा त्याच 50 कंपन्यांचे शेअर दिसतील. 2001 मध्ये आलेला भारतातला पहिला ईटीएफ, निफ्टी बीज, याच जातीचा. हा साधा. यादीत शेअरांऐवजी मुख्यतः स्वॅप (निर्देशांकाचा परतावा द्यायचा बँकेशी केलेला करार) किंवा फ्यूचर्स (पुढच्या तारखेचा सौदा आजच्या ठरलेल्या भावाने) असतील तर प्रकरण गुंतागुंतीचं. स्वॅपमध्ये समोरची बँक बुडाली तर काय, हाही प्रश्न आलाच.

मग योजनेचा उद्देश वाचा, तोही सावकाश. 'दैनंदिन परताव्याच्या दुप्पट' किंवा 'उलट' असे शब्द दिसले की थांबा. समजा निर्देशांक 100 वर आहे. आज 10 टक्के पडला, 90 झाला. उद्या 10 टक्के चढला, 99 झाला. नुकसान 1 टक्का. दुपटीच्या फंडात 100 चे 80 होतात आणि 20 टक्के चढून 96. म्हणजे नुकसान दुप्पट नाही, चौपट! फंड रोज नव्याने दुप्पट धरतो, म्हणून वर-खाली होणाऱ्या बाजारात तो झिजत जातो. वर्षानुवर्षं ठेवायची ही वस्तूच नव्हे. असले फंड बहुधा परदेशातल्या खात्यातून गळ्यात पडतात, म्हणून बोटीवरच्या मुलांनी जास्त जपावं.

साधा की गुंतागुंतीचा हे ठरवायला रिस्कोमीटरवर, म्हणजे फंडाच्या कागदांवरच्या जोखमीच्या काट्यावर, मात्र विसंबू नका. तो जोखीम सांगतो, गुंतागुंत नाही. साध्या निफ्टी ईटीएफचा काटाही 'अतिशय जास्त' वरच असतो.

खातं परदेशात असेल तर तिथला नियम विचारा. युरोपात 2018 पासून लागू असलेल्या मिफिड-2 या गुंतवणूक बाजाराच्या कायद्यानुसार गुंतागुंतीचं उत्पादन विकण्याआधी ब्रोकरला तुमचं ज्ञान आणि अनुभव तपासावा लागतो. असा प्रश्नसंच समोर आला तर मित्राला विचारून उत्तरं भरू नका.

साधा ठरला तरी घेताना बाजारभाव आणि आय-एनएव्ही (फंडातल्या शेअरांचं त्या वेळचं प्रति युनिट अंदाजे मूल्य) शेजारी शेजारी ठेवून बघा. भारतातल्या परदेशी शेअरांच्या ईटीएफमध्ये गुंतवणुकीवरच्या मर्यादेमुळे नवी युनिट्स अडतात, मग भाव मूल्याच्या बराच वर जातो. तेवढं जास्तीचं मोजायची गरज नाही.

एवढं करूनही शंका उरली तर फोनवाल्याला वरचंच गणित घाला: आज 10 टक्के खाली, उद्या 10 टक्के वर, माझ्या 1 लाखाचे किती? उत्तर ईमेलवर मागा.