बरगड्या मोजताना सुरुवात दुसऱ्या बरगडीपासून करावी

बरगड्यांच्या 12 जोड्या असतात हे ज्यांना तोंडपाठ आहे, त्यांनाही प्रत्यक्ष छातीवर पाचवी बरगडी दाखवायला सांगितली की बोट बहुधा सहाव्या बरगडीवर जाते. चूक सुरुवातीलाच झालेली असते. पहिली बरगडी कॉलर बोनच्या मागे दडलेली असल्यामुळे ती हाताला नीट लागत नाही. मग दुसरीलाच पहिली धरले जाते आणि पुढची सगळी मोजणी एका आकड्याने चुकते. म्हणून पहिल्या बरगडीचा नाद सोडून थेट दुसरी शोधावी, हेच मी शिकणाऱ्या प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

पाठ ताठ आणि खांदे सैल ठेवून बसावे. गळ्याच्या तळाशी, दोन्ही कॉलर बोनच्या आतल्या टोकांच्या मधोमध, एक खळगी असते. तिच्यात बोट टेकवले की खालच्या बाजूला जी हाडाची कड लागते, ती उरोस्थीची, म्हणजे छातीच्या मधल्या चपट्या हाडाची, वरची कड होय. तेथून बोट मधल्या रेषेवरून अगदी सावकाश खाली आणावे. साधारण 5 सेंटिमीटरवर एक आडवा उंचवटा जाणवतो. उरोस्थीचा वरचा रुंद भाग आणि तिचा लांब मधला भाग जेथे जोडले जातात तो हा सांधा. दोन्ही भाग येथे किंचित कोन करून मिळत असल्यामुळे तो वर आलेला असतो. काहींच्या छातीवर तो पुसट असतो; तेव्हा बोटाच्या टोकाने टोचत बसण्यापेक्षा बोटाचे पेर आडवे ठेवून वरखाली फिरवावे. उंचवटा सापडला की बोट तसेच बाजूला सरकवावे. ते ज्या बरगडीवर चढेल ती दुसरी.

यापुढे मोजताना उरोस्थीच्या कडेने सरळ खाली उतरू नये, कारण तेथे खालच्या बरगड्यांच्या कूर्चा, म्हणजे पुढच्या टोकांचे हाडापेक्षा मऊ आणि लवचीक भाग, एकमेकींजवळ दाटीने आलेल्या असतात आणि बोटाला एक कुठे संपली व दुसरी कुठे सुरू झाली हे कळत नाही. त्याऐवजी तिरपे, बाहेरच्या बाजूला सरकत खाली यावे. दोन बरगड्यांमधल्या जागेला नेहमी तिच्या वरच्या बरगडीचा क्रमांक मिळतो. मोजणी बरोबर आली की नाही हे पाहायचे असेल, तर डाव्या बाजूच्या पाचव्या जागेत, कॉलर बोनच्या मध्यातून खाली सोडलेल्या रेषेच्या आसपास, हृदयाचा ठोका चाचपून पाहावा. तो सर्वांनाच हाताला लागतो असे नाही; बसल्या बसल्या थोडे पुढे झुकले तर लागण्याची शक्यता वाढते. पाठीमागून मोजायचे झाल्यास, हात बाजूला सोडलेले असताना खवाट्याचे खालचे टोक साधारण सातव्या बरगडीच्या पातळीवर येते. खालून वर मात्र मोजू नये, कारण बारावी बरगडी काही जणांत इतकी आखूड असते की ती लागतच नाही.

पहिल्या 7 जोड्या आपापल्या कूर्चेने थेट उरोस्थीला जोडलेल्या असतात. आठवी, नववी आणि दहावी आपल्या वरच्या कूर्चेचा आधार घेते, तर अकरावी आणि बारावी पुढे कशालाच न जोडता पोटाच्या स्नायूंमध्ये संपते.

सांधे समजून घ्यायचे तर मागून, कण्यापासून, सुरुवात करावी. बहुतेक बरगड्यांचे डोके आपल्याच क्रमांकाच्या मणक्याला, त्याच्या वरच्या मणक्याला आणि दोहोंमधल्या चकतीला टेकते. पहिली, अकरावी आणि बारावी एकाच मणक्याला टेकते. याशिवाय पहिल्या 10 बरगड्यांवर डोक्यापासून थोड्या अंतरावर एक लहान उंचवटा असतो, आणि तो मणक्याच्या आडव्या फाट्याशी दुसरा सांधा करतो. दाराच्या दोन बिजागऱ्यांप्रमाणे हे दोन सांधे मिळून एक अक्ष ठरवतात, आणि बरगडी त्याभोवती फिरते. पुढच्या बाजूला बरगडी आणि तिची कूर्चा यांच्यात हालचाल नसते. पहिली कूर्चा उरोस्थीलाही पक्की जोडलेली असते. दुसरी ते सातवी यांचे मात्र तेथे लहान हलते सांधे असतात.

हे वाचून सोडून देऊ नये, हाताने अनुभवावे. एक तळवा उरोस्थीच्या वरच्या भागावर आणि दुसरा कुशीतल्या खालच्या बरगड्यांवर ठेवून सावकाश खोल श्वास घ्यावा. वरचा तळवा हापशाच्या दांड्यासारखा पुढे आणि वर उचलला जातो, तर खालचा बादलीची कडी उचलावी तसा बाहेर सरकतो. हा फरक मागच्या सांध्यांतून येतो: वरच्या मणक्यांच्या आडव्या फाट्यांवरची सांध्याची जागा खोलगट असल्यामुळे बरगडी तेथे जागच्या जागी फिरते, खाली ती सपाट असल्यामुळे बरगडी तिच्यावरून घसरते. श्वास घेताना पिळल्या गेलेल्या कूर्चा सोडताना पूर्ववत होतात, म्हणूनच शांतपणे श्वास सोडायला वेगळे बळ लावावे लागत नाही.

बरगडीच्या खालच्या कडेला आतून एक पन्हळ असते आणि तिच्यात शीर, धमनी व मज्जातंतू असतात. छातीत सुई घालणारा डॉक्टर म्हणूनच ती खालच्या बरगडीच्या वरच्या कडेला लागून घालतो.

शेवटी बोट उरोस्थीच्या खालच्या टोकावर आणावे. तरुणपणी कूर्चेचे असलेले हे टोक साधारण चाळिशीपर्यंत हाडासारखे कडक होते, आणि त्या वयात पोटाच्या वर गाठ आली असे समजून घाबरणारे लोक मी पाहिले आहेत. शंका असेल तर डॉक्टरांना जरूर दाखवावे, पण आधी कडेकडेने चाचपावे: ते मधल्या रेषेवर असते आणि वरच्या हाडाला सलग जोडलेले लागते.