दंडावरचं बीपी आणि फुफ्फुसातलं बीपी

मेडिसिनच्या पहिल्याच पोस्टिंगला माझ्या वाट्याला ऱ्हुमॅटिक हृदयरोगाची केस आली, मायट्रल स्टेनोसिसची, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूची मायट्रल झडप अरुंद झालेल्या एका ताईंची. 'बीपी १०० बाय ७०, म्हणजे वाढलेलं नाही,' असं मी ठामपणे सांगितलं. सरांनी विचारलं, 'कुठलं?' मला प्रश्नच कळला नाही.

वॉर्डात नव्याने येणाऱ्यांनी हा प्रश्न डोक्यात घेऊनच यावं. निरोगी मायट्रल झडप ४ ते ६ चौरस सेंटिमीटर उघडते; दीडवर किंवा त्याखाली आली की आजार गंभीर धरतात. रक्त डाव्या कर्णिकेत, म्हणजे झडपेआधीच्या कप्प्यात, तुंबतं, तिथून मागे फुफ्फुसात. दंडावरचं बीपी बेताचंच असतं, फुफ्फुसाच्या धमनीतलं मात्र चढलेलं.

रेनिन, अँजिओटेन्सिन, अल्डोस्टेरॉन ही अंगातलं मीठ-पाणी आणि बीपी राखणारी साखळी मी बाणांसकट पाठ केली होती. समजली ती त्या ताईंच्या पायाशी बसल्यावर. जोडवी बोटांत रुतली होती. नडगीवर अंगठा दाबला, तर खड्डा तसाच राहिला. अरुंद झडपेतून रक्त पुढे कमी जातं आणि किडनी समजते, अंगातलं पाणीच आटलं. ती रेनिन सोडते. मग अँजिओटेन्सिन-२ रक्तवाहिन्या आवळतं, अल्डोस्टेरॉन मीठ-पाणी धरून ठेवतं. रक्तस्राव झालेल्याचा जीव वाचवणारी ही व्यवस्था इथे आधीच तुंबलेल्या फुफ्फुसात भर घालते. ताणलेली कर्णिका एएनपी हे हार्मोन सोडून मीठ बाहेर काढू बघते, पण तिचं फार चालत नाही.

पुस्तकात हे दोन वेगळ्या विषयांत येतं, म्हणून जुळत नाही. केसपेपरवरच्या औषधांपासून उलटं मागे जा. फुरोसेमाइड पाणी काढतं, पण त्याने रेनिन वाढतं. स्पायरोनोलॅक्टोन अल्डोस्टेरॉनला अडवतं, म्हणून पोटॅशियमवर लक्ष ठेवायचं. मग एसीई इनहिबिटर, म्हणजे अँजिओटेन्सिन-२ बनूच न देणारं औषध, का नाही, असं मी विचारलं होतं. झडप इतकी अरुंद असताना रक्तवाहिन्या सैल केल्या, तर हृदयाला पुढे जास्त रक्त ढकलताच येत नाही. बीपी कोसळू शकतं. हार्मोनवरच्या औषधाने झडप उघडत नाही. त्यासाठी फुग्याने ती रुंद करावी लागते किंवा ऑपरेशन.

रोज सकाळी वजन स्वतः करा. जेवणात लोणचं, पापड किती, ते विचारा. ताईंची जोडवी चौथ्या दिवशी बोटात फिरायला लागली, तेव्हा वजनाचा आकडाही उतरला होता.

आणि डिस्चार्ज कार्डावर, ऱ्हुमॅटिक ताप उलटू नये म्हणून द्यायच्या पेनिसिलिनच्या पुढच्या इंजेक्शनची तारीख, २१ दिवसांनंतरची, स्वतः लिहा आणि त्यांना वाचून दाखवा.