व्हॉल्व्ह अ‍ॅम्प्लिफायर वाजत नाही तेव्हा

आपला पहिला व्हॉल्व्ह अ‍ॅम्प (ट्रान्झिस्टरऐवजी काचेच्या नळ्यांवर, म्हणजे व्हॉल्व्हवर चालणारा) पहिल्याच स्विचला नीट वाजला, असं सांगणारे लोक पुण्यात पुष्कळ भेटतात. त्यांच्याशी वाद घालू नये. हे लिहितोय ते बाकीच्यांसाठी. तपकीर गल्लीत, पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात, हेलपाटे घालून सामान जमवलं, ट्रान्सफॉर्मर गुंडाळून घेतला, चासीला (पत्र्याच्या सांगाड्याला) भोकं पाडली, डाग दिले (सोल्डर केलं), आणि आता स्पीकरमधून एकतर काहीच येत नाही किंवा नुसतीच घूंऽऽ (यालाच हम म्हणतात) येते.

माझी नोकरी भोसरीला, टेस्टिंगच्या खात्यात. नवीन लागलेल्या मुलांना गणित उत्तम येतं. पण बंद पडलेलं बोर्ड पुढ्यात ठेवलं की पहिला प्रश्न ठरलेला: "सर, आयसी बदलून बघू का?" घरी व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प घेऊन येणारी मुलंही तेच करतात.

"सर, व्हॉल्व्ह गेला वाटतं."
"कशावरून?"
"वाजत नाहीये ना."

नव्याने बांधलेल्या अ‍ॅम्पमध्ये व्हॉल्व्हवर संशय सगळ्यात शेवटी घ्यायचा. काचेच्या आतला चंदेरी डाग दुधासारखा पांढरा झाला असेल तर आत हवा शिरली, तो व्हॉल्व्ह संपला, विषय मिटला. हीटर (व्हॉल्व्ह आतून तापवणारी तार) तुटला असेल तर तो मल्टिमीटरवर लगेच कळतो. एरवी भारत इलेक्ट्रॉनिक्सचा बंगळुरात बनलेला जुना ईएल८४ (स्पीकर चालवणारा आउटपुटचा व्हॉल्व्ह) असो की आज मिळणारा स्लोव्हाकियाचा किंवा रशियाचा, तो बिचारा बहुधा ठीकच असतो. संशय घ्यायचा तो आपल्या हातून झालेल्या कामावर: तार, डाग, पिन, जमीन (ग्राउंड). आणि तो घ्यायचा मीटरने.

उदाहरण म्हणून एकच सर्किट धरतो, कारण नवशिके बहुतेक तेच बांधतात. पुढे ईसीसी८३ चा (एका काचेत दोन छोटे व्हॉल्व्ह) अर्धा भाग, मागे एकटा ईएल८४, आउटपुट ट्रान्सफॉर्मर, ८ ओहमचा स्पीकर. पॉवर ट्रान्सफॉर्मर २५०-०-२५० आणि ६.३ व्होल्टचं हीटर वाइंडिंग. नीट जमलं तर साधारण पाच वॉट मिळतात, आणि सदाशिव पेठेतल्या खोलीला तेवढे शेजाऱ्यांची तक्रार येण्याइतके पुरतात.

आधी जीव. कॉलेजात ५ आणि १२ व्होल्टवर हात बसलेला असतो, इथे तीनशेच्या आसपास डीसी आहे आणि स्विच बंद केल्यावरही तो कंडेन्सरमध्ये बसून राहतो. म्हणून पहिल्या फिल्टर (डीसी सपाट करणाऱ्या) कंडेन्सरवर २२० किलोओहम, २ वॉटचा रेझिस्टन्स कायमचा डागून टाका. ४७ मायक्रोफॅरडच्या कंडेन्सरला तो मिनिटभरात रिकामा करतो. एकापेक्षा जास्त कंडेन्सर असतील तर वेळही त्या हिशोबात वाढते. पण तो रेझिस्टन्सही तुटलेला असू शकतो, म्हणून चासीत हात घालण्याआधी दर वेळी मीटर लावून बघायचं. स्क्रूड्रायव्हर टेकवून ठिणगी पाडणारे उस्ताद असतात, त्यांचं अनुकरण नको. त्यात कंडेन्सरही मार खातो आणि आपणही दचकतो. चालू अ‍ॅम्पवर मोजताना काळी लीड क्लिपने चासीला लावायची, उजव्या हातात लाल लीड, डावा हात खिशात. घरी कुणी नसताना हे काम करू नका.

अर्थिंगबद्दल जरा कडक बोलतो. चासी तीन पिनी प्लगच्या अर्थला बोल्टने जोडलेली हवीच. जुन्या वाड्यांतल्या कित्येक खोल्यांत दोन पिनी सॉकेट आहेत किंवा तिसऱ्या भोकात तारच नाही, तिथे आधी वायरमन बोलवा. "अर्थ काढली की हम जातो" हा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. हम जातो हे खरं आहे. ट्रान्सफॉर्मरचं इन्सुलेशन कधी दगा देईल तेव्हा चासी २३० व्होल्टवर असेल, हेही खरं आहे.

पहिल्यांदा स्विच टाकायचा तो सिरीज बल्बमधून. साठ वॉटचा जुना, तार पेटणारा बल्ब फेजच्या वाटेत घाला. एलईडी बल्ब या कामाचा नाही. व्हॉल्व्ह न लावता सुरू करा: बल्ब क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, तसाच लख्ख राहिला तर कुठेतरी शॉर्ट आहे, स्विच बंद. इतका साधा उपाय असताना लोक फ्यूज मोठा मोठा करत जातात आणि शेवटी ट्रान्सफॉर्मरच फ्यूज होतो. बल्ब मंद राहिला तर तो काढून थेट वीज द्या आणि वाइंडिंगचे व्होल्ट मोजा. एसीचा डीसी करायला सिलिकॉन डायोड वापरले असतील तर व्हॉल्व्हशिवाय पहिल्या कंडेन्सरवर ३५० व्होल्ट दिसतील. घाबरू नका, २५० चा १.४१४ पटीने हिशोब करा. मात्र तिथे ३५० व्होल्टचा कंडेन्सर लावला असेल तर आत्ताच बदला, ४५० चा लागतो.

आता पिना. व्हॉल्व्हचं सॉकेट खालून, म्हणजे डाग देतो त्या बाजूने बघायचं आणि मोठ्या फटीपासून घड्याळाच्या दिशेने १ ते ९ मोजायचं. कागदावरचं चित्र वरून बघितल्यासारखं धरलं की सगळं वायरिंग आरशातल्यासारखं उलटं होतं, आणि गंमत म्हणजे ते दिसतं अगदी सुबक. आरशात हीटरच्या ४-५ ची जागा ५-६ ला जाते, म्हणून हीटर पेटत नसला की मी आधी तिथेच बघतो. दुसरी नेहमीची जागा म्हणजे ईसीसी८३ चा हीटर. त्यात दोन हीटर सिरीजमध्ये आहेत. ६.३ व्होल्टवर चालवायचा तर पिन ४ आणि ५ एकत्र जोडून एक टोक, पिन ९ हे दुसरं टोक. कुणी ६.३ व्होल्ट ४ आणि ५ च्या मध्ये देतं. मग प्रत्येक हीटरला निम्मेच व्होल्ट मिळतात, व्हॉल्व्ह किंचित लालसर दिसतो, आवाज येतो पण चिरका आणि बारीक, आणि मालक नवा ईसीसी८३ घेऊन येतो. ईएल८४ ला हीटर ४ आणि ५ वरच असतो, गोंधळ तिथूनच सुरू होतो. ईएल८४ च्या पिना १, ६ आणि ८ आतल्या जोडणीसाठी राखीव आहेत. त्या रिकाम्या दिसल्या म्हणून तिथे दुसऱ्या तारा टेकवू नका, टॅगस्ट्रिप (तारा डागायची पट्टी) स्वस्त मिळते.

यानंतर व्हॉल्व्ह लावा, स्पीकर लावा आणि एक कागद घ्या. स्पीकर किंवा निदान ८ ओहम, १० वॉटचा रेझिस्टन्स आउटपुटला लावल्याशिवाय सुरू करायचं नाही. बिनलोडाचा आउटपुट ट्रान्सफॉर्मर सिग्नल आला की प्रायमरीवर प्रचंड व्होल्ट उभे करतो आणि आतल्या आत जळतो. कागदावर प्रत्येक पिनचे व्होल्ट लिहायचे. तापलेल्या कॅथोडमधून निघालेले इलेक्ट्रॉन प्लेटकडे जातात, मधली कंट्रोल ग्रिड त्यांना कमी-जास्त करते, आणि ईएल८४ ला स्क्रीन ही आणखी एक ग्रिड असते. पुरवठा २५० च्या आसपास असेल आणि पहिल्या स्टेजला प्लेटमध्ये १०० किलोओहम, कॅथोडमध्ये १.५ किलोओहम असेल, तर ईसीसी८३ च्या प्लेटवर १५० ते १७५, कॅथोडवर सव्वा व्होल्टच्या जवळपास यायला हवं. प्लेटवर पुरवठ्याइतकेच व्होल्ट दिसले तर त्या व्हॉल्व्हमधून करंटच जात नाहीये: हीटर बघा, कॅथोडचा डाग बघा. ईएल८४ ला प्लेट आणि स्क्रीन दोन्हीवर २५० व्होल्ट आणि कॅथोडला १३५ ओहम असेल, तर कॅथोडवर सात-सव्वासात व्होल्ट. त्याला १३५ ने भागलं की ५३ मिलिअँपिअर येतात, प्लेटचे ४८ आणि स्क्रीनचे साडेपाच मिळून. हा भागाकार दहावीतल्या मुलालाही जमतो आणि व्हॉल्व्हच्या पोटात काय चाललंय ते तो सांगून टाकतो.

मागे एक मुलगा अ‍ॅम्प घेऊन आला, ईएल८४ ची प्लेट अंधारात लालबुंद दिसत होती. त्याला ते आवडलं होतं. त्याने फोटोही काढला होता! कॅथोडवर ११ व्होल्ट निघाले, म्हणजे ८१ मिलिअँपिअर. स्क्रीनचे वजा केले तरी प्लेट सतरा-अठरा वॉट खात होती, आणि ईएल८४ ची मर्यादा आहे १२ वॉटची. असं दिसलं की आधी बंद करायचं, विचार नंतर. मग परत काही सेकंदच सुरू करून कंट्रोल ग्रिड, पिन २, मोजायची. ती शून्यावर हवी. इथे काही व्होल्ट पॉझिटिव्ह होते. अशा वेळी दोघांवर संशय येतो: आधीच्या स्टेजकडून येणारा कपलिंग कंडेन्सर गळतोय, किंवा व्हॉल्व्हमध्येच गॅस आहे. निवाडा सोपा आहे. कंडेन्सरचं ग्रिडकडचं टोक सोडवा आणि परत मोजा. शून्य आलं तर कंडेन्सर चोर, तसेच व्होल्ट राहिले तर व्हॉल्व्ह. त्याचा कंडेन्सर जुन्या बाजारातून आणलेल्या मर्फी रेडिओतून काढलेला, मेणाच्या कागदाचा होता. जुना बाजार मलाही प्रिय आहे, बुधवारी किंवा रविवारी गेलो की काहीतरी घेऊनच येतो. पण तिथून नॉब घ्या, डायल घ्या, कागदी कंडेन्सर घेऊ नका. त्यांनी इतके पावसाळे पाहिलेत की आत ओल शिरलेलीच असते. नवा ६३० व्होल्टचा फिल्म कंडेन्सर लावला आणि ग्रिड शून्यावर आली. ग्रिडवर पॉझिटिव्ह नसूनही प्लेट लाल होत असेल तर ग्रिडचा रेझिस्टन्स तुटलाय का आणि कॅथोडवरचा इलेक्ट्रोलिटिक शॉर्ट आहे का ते बघा. शॉर्ट असेल तर कॅथोडवर शून्य दिसेल.

सगळ्यात जास्त वेळ हम खातो. हम दोन प्रकारचा. ५० हर्ट्झचा येतो हीटरच्या तारांतून, ट्रान्सफॉर्मरच्या चुंबकीय क्षेत्रातून किंवा इनपुटच्या उघड्या तारेतून. १०० हर्ट्झचा येतो फुल-वेव्ह रेक्टिफायरनंतर (एसीच्या दोन्ही अर्ध्या लाटा वापरणाऱ्या डायोडांनंतर) फिल्टर कमी पडला म्हणून. मीटर नसला तरी कान चालतो, आणि घरात पेटी असेल तर फारच बरं. पांढरी पाचच्या स्वराला खाली ४९ आणि त्याच्या वरच्या सप्तकात ९८ हर्ट्झ पडतात. दोन्ही हम पांढरी पाचच्या किंचित वर, फक्त एका सप्तकाच्या अंतराने. छोट्या स्पीकरला ५० नीट काढता येत नाही, म्हणून दोन्ही सारखेच वाटतात. मोठा स्पीकर लावून ऐका. खर्जातला गुबगुबीत तो ५०, जरा वरचा, कडा असलेला तो १००.

मग वाट अडवत जायचं. व्हॉल्यूम शून्यावर आणला आणि हम गेला, तर तो व्हॉल्यूमच्या आधी घुसतोय: इनपुटची तार शील्डेड करा, फोन चार्जरवरून काढून बघा. शून्यावरही राहिला तर बंद करून ईसीसी८३ उपसा आणि परत सुरू करा. तरी हम तसाच असेल तर तो आउटपुट स्टेजचा किंवा पुरवठ्याचा. गेला तर पहिल्या स्टेजचा, आणि तिथे सर्वांत आधी हीटर बघायचा. हीटरच्या दोन तारा एकमेकींना घट्ट पिळून चासीच्या कोपऱ्यातून न्या. त्या वाइंडिंगला मधला टॅप असेल तर तो जमिनीला जोडा, नसेल तर दोन्ही टोकांपासून १००-१०० ओहम जमिनीला. हीटर अधांतरी सोडला की गुणगुणतोच. जमिनीच्या तारा चासीला जागोजाग टेकवू नका, एका ठिकाणी आणा, आणि इनपुट जॅक चासीपासून वेगळा ठेवा. दोन ट्रान्सफॉर्मर एकमेकांना काटकोनात बसवायचे असतात, हे मात्र भोकं पाडण्याआधी कळलेलं बरं.

बाकीच्या खोड्या पटकन सांगतो. फट-फट-फट असा आवाज आला तर पहिल्या स्टेजच्या पुरवठ्यावरचा कंडेन्सर नाही, सुटलाय किंवा मेलाय. निगेटिव्ह फीडबॅकची (आउटपुटचा थोडा भाग उलटा करून मागे देणारी) तार जोडल्याबरोबर किंचाळला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीची दोन टोकं अदलाबदल करा. खरखर येत असेल तर कोरड्या बांबूच्या काडीने एकेक डाग हलकेच ठोका, जिथे खरखर वाढते तिथे परत सोल्डर करा. पेन्सिल वापरू नका, तिच्यातल्या ग्राफाइटमधून वीज जाते.

कुणाची मदत मागायला निघालात तर अ‍ॅम्पसोबत तो व्होल्टचा कागद घेऊन जा. त्यावर त्या वेळचा भिंतीतला व्होल्टेजही लिहा, कारण २२० साठी गुंडाळलेला ट्रान्सफॉर्मर २४० वर हीटरला जवळजवळ ६.९ देतो आणि बाकी सगळेच आकडे त्याच प्रमाणात वर सरकतात. स्पीकर जोडून की न जोडता, व्हॉल्यूम कुठे होता, सुरू केल्यावर किती वेळाने मोजलं, हे लिहा. "हम येतो" एवढंच घेऊन आलात तर कुणीही जाणता माणूस मीटर काढून तुमच्या हातात देईल आणि चहा टाकायला आत जाईल.