खोल सरोवरातील मोठा लेक ट्राउट : ट्रोलिंग करताना या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये टोरोंटोसमोर ऑन्टारियो सरोवराचे वरचे पाणी २० अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेले असते आणि त्याच जागी ४० मीटर खाली ते जेमतेम ५-६ अंशांवर असते. या दोहोंच्या मधे, जिथे तापमान थोड्याच अंतरात झपाट्याने उतरते, तो पट्टा म्हणजे थर्मोक्लाइन. मोठा लेक ट्राउट उन्हाळाभर या पट्ट्याच्या खाली, बहुधा तळाला लागून राहतो. ट्रोलिंग करताना, म्हणजे चालत्या होडीमागे आमिष ओढत नेताना, आपण मात्र वर बसलेले असतो आणि वेग, खोली, प्रवाह व तापमान या चारही गोष्टींचा अंदाज वरच्या पाण्यावरून बांधतो. दिवसभर होडी फिरवूनही रॉड वाकत नाही तेव्हा दोष बहुधा आमिषाच्या रंगात नसतो, या अंदाजात असतो. म्हणून पुढे ज्या चुकांविषयी लिहिले आहे त्यांतील बहुतेकांचा उपाय एकच आहे : आमिष जिथे आहे तिथली परिस्थिती समजून घेणे.

वेग : पडद्यावरचा आकडा आणि खालचे पाणी

कोकण किनाऱ्यावर चालत्या होडीमागे गरी ओढून सुरमई पकडताना पाहिलेल्या माणसाला वेगाची एक सवय लागलेली असते. सुरमई पृष्ठभागाजवळ वेगाने झडप घालणारा मासा आहे. लेक ट्राउट तसा नाही. थंड पाण्यात राहणारा हा मासा आमिषामागे बराच वेळ सावकाश येतो आणि मग तोंड घालतो. सॅमनसाठी ताशी अडीच मैलांच्या आसपास वेग ठेवणारे लोक त्याच वेगाने लेक ट्राउटच्या मागे लागतात, तिथेच निम्मी संधी जाते. आमिषाजवळचा वेग ताशी १.५ ते २ मैल, म्हणजे साधारण २.४ ते ३.२ किलोमीटर असावा आणि मासे सुस्त वाटले तर आणखी कमी करून पाहावा.

इथे ‘आमिषाजवळचा’ हा शब्द महत्त्वाचा आहे. जीपीएस जो वेग दाखवते तो जमिनीच्या तुलनेत होडीचा वेग असतो. मोठ्या सरोवरांत वरचे पाणी वाऱ्याबरोबर एका दिशेला आणि खोलवरचे पाणी भलत्याच दिशेला वाहत असते. होडी खालच्या प्रवाहाविरुद्ध जाताना पडद्यावर १.८ दिसत असले तरी आमिषाला अडीचचा वेग जाणवू शकतो आणि उलट फिरताच तेच आमिष जवळजवळ लोंबकळत राहते. याचे लक्षण अगदी स्पष्ट असते : पूर्वेकडे जाताना मासे लागतात आणि पश्चिमेकडे येताना एकही लागत नाही. अशा वेळी पुष्कळ जण ‘मासे पूर्वेकडे जाणारेच आमिष घेत आहेत’ असा निष्कर्ष काढतात आणि तोच एक फेरा पुन्हा पुन्हा मारतात. खरे तर दोन्ही दिशांना डाऊनरिगरच्या (तारेला जड गोळा बांधून आमिष हव्या त्या खोलीवर नेणाऱ्या चरखीच्या) तारेचा कोन सारखा आहे का, एवढेच पाहायला हवे. तार जास्त मागे झुकली असेल तर खाली वेग जास्त आहे आणि ती जवळजवळ उभी असेल तर वेग फार कमी आहे. मासे लागत असताना तारेचा जो कोन होता तो लक्षात ठेवावा आणि दिशा बदलल्यावर पडद्यावरचा आकडा काहीही असो, थ्रॉटल कमीजास्त करून तोच कोन परत आणावा. वजनाच्या गोळ्याजवळ बसवण्याचे वेग व तापमान मोजणारे यंत्रही मिळते. ते महाग आहे, परंतु वर्षातून बऱ्याचदा जाणाऱ्याने दहा नवीन स्पून (चमच्याच्या आकाराची धातूची आमिषे) घेण्याऐवजी ते घ्यावे, असे माझे ठाम मत आहे.

वळण घेतानाही हाच नियम उपयोगी पडतो. बाहेरच्या बाजूची आमिषे वळणावर वेग घेतात आणि आतल्या बाजूची मंदावून खाली बसतात. वळणावर आतल्या रॉडला मासा लागला तर वेग थोडा कमी करावा आणि बाहेरच्या रॉडला लागला तर वाढवावा. ही माहिती फुकट मिळते, तरीही सर्वांचे लक्ष दोऱ्या गुंतणार नाहीत ना याकडेच असते. मोठ्या इंजिनाची होडी पुरेशी सावकाश चालत नसेल, तर पाण्यात ओढायच्या कापडी पिशव्या बाजूला बांधून वेग कमी करता येतो.

खोली : तारेची लांबी म्हणजे खोली नव्हे

डाऊनरिगरच्या काउंटरवर ४५ मीटर दिसते म्हणजे गोळा ४५ मीटरवर आहे, असे समजणे ही दुसरी मोठी चूक. काउंटर फक्त सोडलेल्या तारेची लांबी मोजतो. तार उभ्या रेषेपासून २५ अंश मागे झुकली असेल, तर ढोबळ हिशेबाने गोळा ४१ मीटरच्या आसपास असतो. तार सरळ नसून किंचित वक्र असल्यामुळे नेमका आकडा थोडा वेगळा येतो, परंतु फरक काही मीटरांचा असतो हे निश्चित. सॅमन वर झेपावून आमिष घेतो, त्यामुळे तिथे हा फरक खपून जातो. तळाशी बसलेल्या लेक ट्राउटसाठी चार मीटर वरून जाणारे आमिष म्हणजे दुसऱ्याच पाण्यातले आमिष. यावर दोन उपाय आहेत. एक, ३० मीटरपेक्षा खोल जाताना साडेचार किलोऐवजी साडेपाच ते सात किलो वजनाचा गोळा वापरणे, मात्र डाऊनरिगरची क्षमता आधी तपासून. दुसरा, सपाट आणि मऊ तळ असलेल्या जागी नेहमीच्या वेगाने जात गोळा हलकेच तळाला टेकेपर्यंत सोडणे आणि त्या वेळी काउंटर व सोनार (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे दाखवणारे यंत्र) यांच्या आकड्यांत किती तफावत पडते ते लिहून ठेवणे. त्या दिवसासाठी तोच आपला हिशेब.

तळाला टेकवण्याविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण लेक ट्राउटच्या ट्रोलिंगमधली सर्वांत परिणामकारक आणि सर्वांत दुर्लक्षित युक्ती हीच आहे. गोळा तळापासून अर्धा ते दीड मीटर वर ठेवून चालवावा आणि अधूनमधून तो तळाला टेकवून लगेच उचलावा. गाळाचा छोटा लोट उठतो, धक्का बसतो आणि आसपासचा मासा पाहायला येतो. ऑन्टारियो व मिशिगन सरोवरांत आता तळाशी राहणारे राउंड गोबी हे बाहेरून आलेले छोटे मासे लेक ट्राउटच्या खाण्यात मोठ्या प्रमाणावर असतात, त्यामुळे तळाजवळची हालचाल त्याला खाद्याची खूण वाटते. हे फक्त चिखल, वाळू किंवा चिकणमातीच्या तळावर करावे. खडकाळ तळावर गोळा अडकतो आणि ती केवळ गोळा गमावण्याची बाब राहत नाही. पुढे जाणारी छोटी होडी मागच्या टोकाने खाली ओढली जाऊन तिच्यात पाणी शिरू शकते. म्हणून डाऊनरिगरचा क्लच कधीही पूर्ण आवळू नये, तार कापण्याची पक्कड हाताशी असावी आणि गोळा अडकताच इंजिन न्यूट्रलला घ्यावे. पाणी थंड आहे याची आठवण ठेवून लाइफजॅकेट अंगावरच असावे, सीटखाली नव्हे.

सोनार पाहताना होणारी फसगत

सोनारचा झोत शंकूसारखा पसरतो. २० अंशांच्या झोताची रुंदी ५० मीटर खोलीवर १७ मीटरपेक्षा जास्त होते. या शंकूच्या कडेला, तळापासून अर्धा मीटर वर असलेल्या माशापासून येणारा प्रतिध्वनी होडीच्या थेट खालच्या तळाच्या प्रतिध्वनीपेक्षा उशिरा पोहोचतो, त्यामुळे तो तळाच्या रेषेत विरघळून जातो. उतारावर हा अदृश्य पट्टा आणखी वाढतो. ‘पडद्यावर काही नाही, चला पुढे’ असे म्हणून चांगली जागा सोडण्यामागे हेच कारण असते. तळाची रेषा मोठी करून दाखवण्याची सोय वापरावी, रेषेवर उमटणारे बारीक उंचवटे पाहावेत आणि नकाशावरच्या समान खोलीच्या रेषांना धरून होडी चालवावी. सपाट तळावर अचानक येणारा चार-पाच मीटरांचा उतार मधोमध ओलांडण्यापेक्षा त्याच्या कडेने जाणे जास्त फलदायी ठरते.

तापमान : कालची खोली आज चालत नाही

थर्मोक्लाइन एका जागी स्थिर असते असे धरून चालणारे लोक कालच्या आकड्यांवर आज सकाळ घालवतात. ऑन्टारियो सरोवर पूर्व-पश्चिम पसरलेले आहे. पश्चिमेकडून एक-दोन दिवस सलग जोराचा वारा वाहिला, तर पृथ्वीच्या परिवलनामुळे वरचे पाणी वाऱ्याच्या उजवीकडे, म्हणजे दक्षिणेकडे सरकते आणि त्याची जागा घेण्यासाठी उत्तर किनाऱ्याला खालचे थंड पाणी वर येते. टोरोंटोच्या किनाऱ्यावर भर उन्हाळ्यात पाणी एकाएकी बर्फासारखे गार लागते ते यामुळेच. पूर्वेचा वारा टिकला की याच्या उलट घडते, उबदार पाणी किनाऱ्याशी साचते आणि थर्मोक्लाइन खोल जाते. लेक ट्राउटला साधारण १० अंशांच्या आसपासचे पाणी मानवते, पण तो त्याहून बऱ्याच थंड पाण्यातही खातो. त्यामुळे पाणी वर आल्यानंतर तो एरवीपेक्षा उथळ जागी, किनाऱ्याजवळही सापडू शकतो. निघण्यापूर्वी मागच्या दोन-तीन दिवसांच्या वाऱ्याची दिशा पाहावी, त्याला पाच मिनिटेही लागत नाहीत.

आमिष आणि जोडणी

डॉजर आणि फ्लॅशर हे दोन्ही चकाकते पत्रे दिसायला सारखे असले, तरी त्यांची चाल वेगळी आहे. फ्लॅशर पूर्ण गिरकी घेतो, तर डॉजर डावी-उजवीकडे डुलायला हवा. लेक ट्राउटसाठी मंद वेगात डॉजर अधिक उपयोगी पडतो, पण वेग वाढला की तोही गरगर फिरू लागतो आणि मागचे आमिष निर्जीव होते. प्रत्येक जोडणी खोल सोडण्यापूर्वी होडीच्या कडेला पाण्यात धरून तिची चाल पाहावी. डॉजरमागे अर्धा ते पाऊण मीटर दोरीवर स्पिन-एन-ग्लोसारखे फिरते आमिष, ही ग्रेट लेक्स म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या ऑन्टारियो, मिशिगन आदी पाच मोठ्या सरोवरांमधली जुनी आणि भरवशाची जोडणी आहे. मागची दोरी जितकी आखूड, तितका आमिषाला झटका जास्त. गोळ्यापासून आमिषापर्यंतचे अंतर खोल पाण्यात दोन ते पाच मीटर पुरे होते. ते वीस मीटर ठेवले तर आमिष नेमके कुठल्या खोलीवर आहे ते सांगता येत नाही.

रंगांबाबत एवढे पुरेसे आहे की लाल रंग पाण्यात सर्वांत आधी नाहीसा होतो आणि खोलवर हिरवा, निळा, पांढरा व अंधारात चमकणारे रंग टिकतात. क्वागा शिंपल्यांनी पाणी गाळून स्वच्छ केल्यामुळे मिशिगन व ऑन्टारियो सरोवरांत प्रकाश पूर्वीपेक्षा खोल पोहोचतो, परंतु ६० मीटरवर लाल स्पून तरीही काळाच दिसतो.

रिलीज क्लिप, म्हणजे रॉडची दोरी डाऊनरिगरला धरून ठेवणारा आणि मासा लागताच ती सोडणारा चिमटा, हा दुर्लक्षित भाग आहे. ती फार आवळलेली असेल तर दोन-तीन किलोचा मासा लागूनही दोरी सुटत नाही, मासा तसाच ओढला जातो आणि दमून मरतो. ती फार सैल असेल तर लाटांच्या हिसक्याने दोरी सुटते. विणलेली दोरी गुळगुळीत असल्याने क्लिपमधून सरकते, तिथे रबरबँडचा वेढा द्यावा लागतो. दोरी क्लिपमध्ये अडकवल्यावर रॉड चांगला वाकेल इतकी रीळ फिरवावी, म्हणजे क्लिप सुटताच ढील आपोआप भरून निघते. लेक ट्राउटचा चावा पुष्कळदा रॉडच्या टोकाच्या दोन-तीन बारीक थरथरींइतकाच असतो. तो ओळखून क्लिप हाताने सोडवावी लागते आणि काहीच दिसले नाही तरी अर्ध्या तासाने आमिष वर घेऊन पाहावे. उन्हाळ्यात काटेरी जलपिसू (पाण्यात तरंगणारे बारीक कवचधारी जीव) दोरीवर कापसासारखे साचतात आणि रॉडच्या कड्यांत अडकून दोरी गुंडाळूच देत नाहीत. पातळ दोरीवर ते जास्त अडकतात, म्हणून त्या दिवसांत ३० पौंडांचा ताण सोसणारी जाड मोनो (न विणलेली, एकाच धाग्याची) दोरी बरी.

मासा वर आल्यावर

लेक ट्राउटच्या हवेच्या पिशवीची नळी घशाला जोडलेली असल्यामुळे तो वर येताना तोंडावाटे हवा सोडू शकतो. शेवटच्या १५-२० मीटरांत रीळ थोडी सावकाश फिरवली तर पृष्ठभागावर बुडबुडे दिसतात आणि मासा सोडल्यावर खाली जाऊ शकतो. घाईने खेचलेला मासा पोट फुगून वर तरंगत राहतो. त्याहून मोठा धोका वरच्या उबदार पाण्याचा आहे. ६ अंशांतून २० अंशांत आलेल्या माशाला सोडायचे असेल, तर फोटोसाठी मिनिटे घालवू नयेत. रबरी हातजाळे वापरावे, हात ओले करावेत, कल्ल्यांत बोट घालून मासा उभा लटकवू नये आणि डोके खाली करून तो जोराने पाण्यात सोडावा.

ही काळजी इतक्या आग्रहाने सांगण्यामागे कारण आहे. लेक ट्राउट सावकाश वाढतो, बऱ्याच ठिकाणी सहा-सात वर्षांनी प्रजननक्षम होतो आणि काही दशके जगतो. ऑन्टारियो व ईरी सरोवरांना जोडणाऱ्या वेलंड कालव्यातून वरच्या सरोवरांत शिरलेला सी लॅम्प्री हा रक्त शोषणारा जीव १९३८ मध्ये सुपीरियर सरोवरापर्यंत पोहोचला आणि त्याच्यामुळे व बेसुमार मासेमारीमुळे १९५० च्या दशकाअखेरीस बहुतेक सरोवरांतला लेक ट्राउट जवळजवळ संपला. आज ऑन्टारियोत मिळणारे बरेच मासे मत्स्यबीज केंद्रांत वाढवून सोडलेले आहेत. शेपटीजवळचा पाठीवरचा छोटा मांसल पर कापलेला असेल तर तो मासा केंद्रातला, हे ओळखता येते.

खाण्यासाठी ठेवायचा असेल तर मध्यम आकाराचा मासा निवडावा. मोठ्या, वयस्क माशाच्या शरीरात पारा आणि चरबीत पीसीबी ही विषारी औद्योगिक रसायने साठलेली असतात. ऑन्टारियो सरकार कोणत्या पाण्यातला किती लांबीचा मासा महिन्यातून किती वेळा खावा याची मार्गदर्शिका प्रसिद्ध करते, तिच्यात आपल्या जागेचा तक्ता निघण्यापूर्वीच पाहून ठेवावा. परवाना, दोऱ्यांची संख्या आणि शरद ऋतूतल्या प्रजननकाळातील बंदी यांचे नियम प्रांतागणिक व राज्यागणिक वेगळे आहेत आणि एकाच सरोवराच्या दोन किनाऱ्यांवरही ते सारखे नसतात.