जुन्या सामानातून घरची रीफ टाकी: काय घ्यावं, काय टाळावं

रीफ टाकी म्हणजे समुद्री मासे आणि प्रवाळासारखे जीव पाळायची खाऱ्या पाण्याची टाकी. ती बरेच जण हौसेने उभी करतात आणि बदली झाली, घर बदललं किंवा विजेचं बिल डोईजड झालं की विकायला काढतात. त्यामुळे मुंबई-पुण्यात काच, स्टँड, सम्प (पाणी गाळायची खालची छोटी टाकी), स्किमर (फेसाबरोबर घाण काढणारं यंत्र) असा अख्खा संच नव्यापेक्षा पुष्कळ स्वस्तात मिळतो. तो जरूर घ्या. मात्र एक नियम पाळा: काच आणि लोखंड जुनं चालेल, पाणी आणि वीज यांत काटकसर नको.

आधी कायद्याचं बघू. प्रवाळभित्ती बांधणारे कठीण प्रवाळ, सी-फॅन (पंख्यासारखे प्रवाळ) आणि समुद्रघोडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहेत. विकणारा टाकीसोबत ‘हे कोरल असेच घेऊन जा’ म्हणाला तरी नको म्हणा. मालवणच्या किनाऱ्यावर सापडलेला तुकडाही पिशवीत टाकू नका. ‘लाइव्ह रॉक’ (जीवाणू वसलेला सच्छिद्र खडक) म्हणून पुष्कळदा मेलेल्या प्रवाळाचेच तुकडे विकले जातात, म्हणून खडक कृत्रिम, सच्छिद्र सिरॅमिकचा घ्यावा. झोअँथिड, मशरूम, लेदर यांसारख्या प्रवाळाच्या नात्यातल्या मऊ जिवांवरही टाकी सुंदर भरते, आणि नवशिक्याला तेच झेपतात.

टाकी कशी पारखायची

सुरुवातीला ३ फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकी बघा. तीत साधारण १९० लिटर पाणी मावतं. यापेक्षा लहान टाकीत बाष्पीभवनाने क्षारता (पाण्यातल्या मिठाचं प्रमाण) भराभर वरखाली होते. पाणी, काच, खडक आणि स्टँड मिळून वजन अडीचशे किलोच्या वर जातं, त्यामुळे ती बाल्कनीच्या कडेला न ठेवता भिंतीलगत, बीमच्या जवळ ठेवा.

काचेवरचे ओरखडे फक्त दिसायला वाईट. खरं बघायचं ते सिलिकॉन. त्याचे दोन थर असतात. आतल्या कोपऱ्यात दिसतो तो वरवरचा. टाकीला धरून ठेवतो तो दोन काचांच्या मधला. टॉर्च मारून मधल्या थरात बुडबुडे, पांढुरके डाग किंवा सुटलेली जागा दिसते का ते पाहा. दिसली तर ती टाकी सोडून द्या. जुन्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही, त्यामुळे वरून पट्टी मारून गळती थांबत नाही. काचा सुट्या करून टाकी पुन्हा बांधावी लागते.

घरी आणल्यावर टाकी तिच्याच स्टँडवर, खाली थर्माकोल घालून, लेव्हल लावून ठेवा. आधी एक तृतीयांश, मग अर्धी, मग पूर्ण भरा. कडांवरून कोरडा टिश्यूपेपर फिरवा. तीन दिवस कागद कोरडा राहिला तरच पुढे जा.

विकणाऱ्याला एक प्रश्न न चुकता विचारा: या टाकीत आजारी माशांना तांब्याचं औषध दिलं होतं का? मासे तांबं सोसतात. गोगलगायी, कोळंबी आणि प्रवाळासारखे जीव मरतात. तांबं खडकात आणि वाळूत मुरतं, सिलिकॉनमध्येही मुरू शकतं, आणि नंतर हळूहळू पाण्यात उतरतं. उत्तराची खात्री वाटत नसेल तर टाकीत खारं पाणी आठवडाभर ठेवून तांब्याच्या टेस्ट किटने तपासा. तांबं सापडलं तर ती टाकी फक्त माशांसाठी वापरा.

जुनी वाळू फुकट मिळाली तरी घेऊ नका. तिच्यात साठलेली घाण ढवळली की पाणी नासतं. जुन्या खडकावर झोअँथिड चिकटलेले असू शकतात. त्यांच्यातल्या काही जातींत पॅलिटॉक्सिन हे जबर विष असतं. असा खडक उकळू नका, गरम पाण्याने धुऊ नका, कोरडा घासू नका. वाफेतून आणि उडालेल्या तुषारांतून माणसं गंभीर आजारी पडलेली आहेत. झोअँथिड हाताळताना हातमोजे आणि चष्मा हवाच.

बाकीचं सामान

पंप आणि स्किमर विकणाऱ्यासमोर बादलीत चालवून पाहा. इम्पेलर (पंपातलं फिरणारं चाक) काढा, त्याचं चुंबक फुगलेलं किंवा गंजलेलं असेल तर तो नवा टाकावा लागेल. साचलेला चुना लिंबूसत्त्वाच्या पाण्यात रात्रभर ठेवला की सुटतो. साबण कशालाच लावू नका. एलईडी लाइट पूर्ण उजेडावर अर्धा तास चालवा आणि पंख्याचा आवाज ऐका. टी-५ (बारीक ट्यूबलाइट) असेल तर फक्त पट्टी घ्या, ट्यूब नव्या बसवा.

जुना हीटर घेऊच नका. तो बिघडून चालूच राहिला तर सगळी टाकी शिजते. मुंबईत त्याची गरज क्वचितच, पुण्या-नाशिकच्या थंडीत मात्र पडते. कोकणपट्टीत खरी अडचण उन्हाळ्याची. पाणी २५-२६ अंशांवर ठेवायचं असतं. पंखा बाष्पीभवनाने गारवा देतो, पण दमट हवेत त्याचा जोर ओसरतो, म्हणून चिलर लागतो. जुना चिलर आधी पाणी खरोखर गार करून दाखवतो का ते बघा, मगच पैसे द्या. टेस्ट किट नवीनच घ्या.

सगळ्या जोडण्या ३० मिलिअँपिअरच्या आरसीसीबीवर (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) असू द्या. प्रत्येक वायरला प्लगच्या खाली झोळ ठेवा, म्हणजे ओघळणारं पाणी सॉकेटपर्यंत पोचणार नाही.

पाणी आणि सुरुवात

घरच्या आरओचं पाणी थेट चालत नाही. पुष्कळ यंत्रांत चवीसाठी कच्चं पाणी मिसळलेलं असतं. आरओपुढे डीआय रेझिन (उरलेले क्षार शोषणारे दाणे) लावून टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, शून्यावर आणा. लिटरला साधारण ३५ ते ४० ग्रॅम रीफ सॉल्ट घाला आणि क्षारता ३५ पीपीटी (हजारात ३५ भाग) म्हणजे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ ठेवा. जुना रिफ्रॅक्टोमीटर (क्षारता मोजायचं साधन) आधी ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. पाणी उडालं की भर गोड्या पाण्याची घालायची, खाऱ्याची नाही.

खडक रचून पंप सुरू करा, जीवाणू वसावेत म्हणून अमोनियाचा थोडा डोस द्या आणि थांबा. एक प्रकारचे जीवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचं नायट्रेट. याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. टाकलेला डोस चोवीस तासांत संपून अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दिसू लागले की जवळजवळ अर्धं पाणी बदला. मग दोन-चार गोगलगायी आणा, आठवड्या-दोन आठवड्यांनी समुद्रातून न पकडलेल्या, टाकीतच पैदास झालेल्या क्लाउनफिश माशांची जोडी. मशरूमचा पहिला तुकडा त्यानंतर महिन्याभराने, खालच्या बाजूला, मंद उजेडात ठेवा. तो फुलून बसला आणि नायट्रेट आटोक्यात राहिलं, तरच झोअँथिड आणा.